हात माझे, पाय त्यांचे

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या व्यायामशाळेचे सचिव. आज मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे, शहराबाहेरच्या मोठ्या बॉक्सिंग केंद्राचे मुख्य प्रशिक्षक. पहिल्या रांगेत बसलेली मुंगीची आई. पालक, मुलं-मुली, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले सगळे, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

मला थोडक्यात आटपायला सांगितलं आहे, कारण पाहुण्यांसाठी वेळ राखून ठेवायचा आहे. योग्यच आहे. गुच्छही त्यांचा मोठा आहे. माझी नजर मापाची, म्हणून दिसतं, तक्रार नाही.

आपण मुंगीला निरोप द्यायला जमलो आहोत. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण ती इथे आली तेव्हा सगळ्यांत लहान होती आणि चावा घेतल्यासारखे ठोसे मारायची, म्हणून मुंगी. उद्यापासून ती पाहुण्यांच्या केंद्रात शिकणार. आणि पाहुणे कोण? तर फायनलला जिने मुंगीला हरवलं, तिचे प्रशिक्षक. असा निरोप समारंभ तुम्ही पाहिलाय कधी? मी तरी नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, माझं दुकान विजेच्या जळालेल्या मोटारींना वाइंडिंग करण्याचं, म्हणजे नवी तार गुंडाळण्याचं. मुंगीला आणि इथल्या मुलांना बॉक्सिंग मी शिकवतो, पण मला ते कुणी शिकवलं नाही. तरुणपणी कारखान्याच्या क्लबात साहेब लोकांची मुलं शिकायची, आणि मी बाहेर ऑइलच्या पिंपावर उभा राहून खिडकीतून बघायचो. घरी येऊन करून पाहायचो. मोटारीत तारेचा एक वेढा दुसऱ्यावर चढला की मोटार पुन्हा जळते. मुंगीच्या हातांना ग्लोव्हच्या आतली पट्टी मी त्याच हिशेबाने बांधत आलो. तिच्या बोटाचं एकही हाड कधी दुखावलं नाही. मागच्या महिन्यात इथे आले असताना पाहुण्यांनी तिला पट्टी बांधली, तेव्हा अंगठ्याजवळ सुरकुती राहिली होती. मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोललो.

तर फायनल. पहिल्या फेरीत मुंगी पुढे होती. दुसऱ्या फेरीत डावीकडे सरकताना तिचा एक पाय दुसऱ्यात अडकला, समोरचीचा साधाच ठोसा लागला, आणि मुंगी खाली बसली. पडली म्हणू नका, बसली. शेवटची बस चुकल्यावर माणूस फुटपाथवर बसतो तशी. उठली, लढली, पण लढत हातातून गेली होती.

संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर, मागे विनोदी संगीत लावून. त्याआधी किती वर्षं ती हरली नव्हती, ते कुणाच्याच मोबाइलवर नव्हतं. चौकातल्या बुटांच्या दुकानाने काचेमागचा तिचा मोठा फोटो काढून टाकला. मी मालकाला विचारलं, तर म्हणाला, "अहो, स्वतःच्या पायांत अडकणारी मुलगी बुटांच्या दुकानात कशी ठेवू?" पटण्यासारखं बोलला, म्हणून जास्त लागलं. खेळाडू म्हणून ठरलेली तिची नोकरी 'पुढच्या वर्षी बघू' झाली. शिबिराला तिच्या जागी दुसरीच गेली. अध्यक्ष महोदय, आपल्या स्वतःच्या फलकावर तिचं नाव पहिल्या ओळीवरून खाली सरकलं, तेही मी पाहिलं. असो. आनंदाचा प्रसंग आहे.

सगळे गप्प झाले आणि एकाच माणसाचा फोन आला. पाहुण्यांचा. हे मला अजून पचत नाही. हरवायचंही तुम्ही आणि विचारपूसही तुम्हीच करायची?

मग ते इथे आले. याच फरशीवर त्यांनी खडूची पूड पसरली आणि मुंगीला सरकायला सांगितलं. पावलं उमटली. डावीकडे जाताना तिचं उजवं पाऊल डाव्याला ओलांडून पलीकडे पडत होतं. "बाकीच्यांनीही या," ते म्हणाले. आपल्या सगळ्या मुलांची पावलं तशीच पडली, एका साच्यातून काढल्यासारखी.

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "असे हात मी पाहिलेले नाहीत. तुम्ही कुठे शिकलात?"

"खिडकीतून."

त्यांनी विचारलं, "खिडकी किती उंच होती?"

मंडळी, मला आतली माणसं फक्त कंबरेपर्यंत दिसायची. खाली भिंत. पायांचं मी माझ्या मनाने बसवलं होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. त्यांनी हसून विचारला असता तर मी भांडलो असतो. पण ते हसले नाहीत. त्यांचा राग येण्याचं ते एक मोठं कारण.

मग म्हणाले, "हिला माझ्याकडे पाठवा. पाय सुधारले तर ही पुन्हा वर येईल. नाहीतर आता प्रत्येक जण हिला डावीकडेच ढकलणार." मुंगी म्हणाली, "सर, काका नको म्हणाले तर मी नाही येणार." लक्षात आलं ना? मी इतकी वर्षं काका, आणि ते पहिल्याच दिवशी सर.

मी बरेच दिवस हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. तिची आई शिवणकाम करते. मशीन न थांबवता तिने विचारलं, "भाऊ, तुम्हाला त्यांचा हेवा वाटतोय का?"

"वाटतोय."

"वाटू द्या की. पण तुमचा हेवा उतरेपर्यंत पोरीचं वय थांबणार आहे का?"

मी म्हटलं, "पाय मीही सुधारीन. बघतो मी."

"बघा. कुठल्या खिडकीतून बघणार?" दोरा दाताने तोडत ती म्हणाली. ही बाई रिंगणात उतरली असती, तर आपल्याला पाहुण्यांची गरज पडली नसती.

तिथून परतताना चौकात मुंगी दिसली. बुटांच्या दुकानासमोर. तिच्या फोटोच्या जागी शाळेचे बूट मांडले होते, आणि ती त्या काचेत स्वतःचे पाय बघत डावीकडे सरकत होती. पाय अडकायचा, पुन्हा पहिल्यापासून. आत मालक गिऱ्हाइकाला बोट करून तिला दाखवत होता. मला पाहून ती म्हणाली, "काका, बघा ना, आता बरोबर पडतंय का पाऊल?"

आणि मला सांगता येईना. हाताचं काहीही विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं.

मी म्हटलं, "सरांना विचार." हा शब्द माझ्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाला. तेवढ्यावर तिला सगळं कळलं.

पाहुण्यांनी माझी एक अट मानली आहे: रिंगणाच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून कुणीही उभं राहो, लढतीच्या दिवशी पट्टी मीच बांधणार. त्याबद्दल त्यांचे आभार. अध्यक्षांचे आभार, मला बोलू दिल्याबद्दल. आणि बोलण्यात कुणाला कोपर लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या, मला भाषणही कुणी शिकवलेलं नाही.

जाता जाता एक विनंती, सर. गेल्या रविवारी मी तुमच्या केंद्राभोवती फेरी मारून आलो. तुमच्या हॉलच्या खिडक्या थेट जमिनीपासून सुरू होतात. यापुढे रविवारी मी तिथे उभा असेन, आणि सोमवारी इथे या मुलांसमोर. तुम्ही आत बोलवाल, पण नको. मला बाहेरूनच नीट दिसतं. फक्त रखवालदाराला सांगून ठेवा.