न विचारता छापलेलं नाव

आजच्या सभेचे अध्यक्ष, मंचावरचे पाहुणे, ज्यांना निरोप देताना जीव कासावीस होतोय ते आमचे केशोराव गुरुजी, आणि चिचगडकडच्या टोल्यांवरून, जंगलातल्या वाड्यावस्त्यांवरून, कापणी टाकून आलेल्या माझ्या मायबापांनो, सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलीत. अध्यक्ष महाराज, घड्याळ जरा पालथं ठेवा.

आपल्याकडे लग्नपत्रिकेत नावं विचारून छापतात का? उलट एखादं राहिलं तर मामा रुसून बसतो. आमच्या साहित्य मंडळाचीही तीच रीत. मी सचिव, निवेदन निघालं की सगळ्यांची नावं मीच टाकायचो.

सहा वर्षांपूर्वी कमी पटाच्या शाळा बंद करायचं ठरलं. निर्णयाला जिल्ह्यातल्या विचारवंतांचा जाहीर पाठिंबा हवा, असा वरून निरोप आला. मीही सरकारी नोकर, माझा बदलीचा अर्ज तेव्हा साहेबांच्या टेबलावर होता. मी पत्रक लिहिलं, अठरा नावं टाकली. तिसरं नाव गुरुजींचं.

पेपरात आलं तसं गुरुजींच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शकुंतलाबाई त्यांच्या घरी आल्या. मी तिथंच बसलो होतो. "काऊन जी गुरुजी, आमची शाळा बंद करा म्हून तुमीच लिवून देल्लं? लेकरं जंगलातून कसे जातीन?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाई गेल्यावर मला म्हणाले, "खरं सांगतलं असतं तं तुही नोकरी गेली असती. घरी लहान लेकरं हायेत तुले."

मग हा माणूस सायकलवर गावोगाव फिरला. विरोधाचं पत्रक प्रत्येकाच्या हातात द्यायचा, "आधी वाचा, मंग सही करा" म्हणायचा. माझ्याकडेही आला. मी सही केली नाही. लोक म्हणाले, म्हातारा दोन्ही डगरींवर हात ठेवतो. शाळा बंद झाली ती झालीच, पण टोल्यावर गुरुजींना पाणीसुद्धा कोणी विचारेना. तरी माझ्या मुलीच्या बारशाला हेच सगळ्यांत आधी हजर.

नाही गुरुजी, हात दाखवून थांबवू नका. आज तुम्ही बसा.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. माझं ते पाठिंब्याचं पत्रक मात्र पोटात घालू नका. शकुंतलाबाई, तुम्ही मागच्या रांगेत बसल्या आहात, मला दिसताय. गुरुजींनी सही केली नव्हती जी. ते नाव मी टाकलं होतं.