बंद घरातला भरला रांजण

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच सत्यशीलाताई, मंचावरचे डॉक्टरसाहेब, जिल्हा बदलून नाही पण तालुका सोडून चाललेल्या आपल्या आरोग्यसेविका राजेश्वरी मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

'मॅडमलाबी ताई म्हण की रं!' हे मागून कोण, सूर्यभान? तू गप बस, तुला नंतर बघतो.

कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाच्या हातात माइक का दिला, हे मला कळलेलं नाही. दिवाळीनंतर मी मॅडमसोबत डासांच्या अळ्या शोधत दारोदार का हिंडलो, तेही विचारू नका.

तेव्हा कुणालाच काही उमगत नव्हतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून घरोघर साठवण. तरी आम्ही प्रत्येक टाकी, प्रत्येक पिंप घासून कोरडं करून घेतलं. आणि खालच्या आळीत डेंग्यूचा नवा पेशंट निघायचाच! डास येत होते कुठून? मी तर शेजारच्या गावाशी भांडायला निघालो होतो.

मॅडम मात्र कुलपं बघत उभ्या राहिल्या. निम्मी आळी ऊसतोडीला गेलेली. 'हर्षल, जाताना ही माणसं घर रिकामं सोडतात का?'

'छे! सुनं घर सोडत नाहीत. रांजण भरूनच निघतात. भरला रांजण माणसाला माघारी आणतो म्हणे.' बोललो, अन् माझं मीच चमकलो.

लगेच दगड उचलला. 'तोडतो कुलूप!'

'ठेव खाली. आज कुलूप तोडशील, उद्या मला दार कोण उघडेल?'

त्यांनी कारखान्यावर गेलेल्या बनुबाईंना फोन लावला, पहिलं कुलूप त्यांचंच. ह्या काय, समोर बसल्यात. फोनवर रडल्या, 'किल्ली जावंकडं हाय. पर रांजण रिता करू नका बाई, माझी लेकरं फडात हायेत!'

'रिता नाही ठेवत, मावशी. घासून परत भरते, तोंडाला फडकं बांधते. डास शिरणार नाही.'

मग एकेक दार उघडत गेलं. आळीतला ताप हटला.

आज सकाळी मॅडमचं सामान मी टेम्पोत चढवलं. बदली शिर्डीकडे झालीय. तिकडून आपल्या ह्या खर्ड्याच्या बाजूला कोण कशाला फिरकतंय? खोलीला कुलूप लावताना दिसलं, कोपऱ्यात काठोकाठ भरलेला माठ. तोंडाला फडकं, घट्ट बांधलेलं.

मॅडम, तुम्ही नगर शहरातल्या. ही रीत आमची. मग तो माठ विसरलात, की ठेवलात? टेम्पोपाशी विचारायला जीभ रेटली नाही, म्हणून भर सभेत विचारतोय. मला खरंच काही कळेना झालंय.

आत्ता उत्तर नका देऊ. नव्या सिस्टर येईपर्यंत किल्ली माझ्याकडे आहे. दर आठवड्याला माठ घासीन, भरीन, फडकं बांधीन. रिता ठेवणार नाही.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. जास्त बोललो असेन तर पोटात घाला. आणि जे बोलायचं राहिलं, त्याचीही माफी असावी.