एकदाच झालेला उशीर

अतिदक्षता विभागाबाहेर माझ्या शेजारी एकजण बसला होता. त्याची बहीण येरझाऱ्या घालत होती.

"ताई, बस ना. पायांचे तुकडे पडतील."

"बाबांना लावलेलं श्वासाचं मशीन आमच्या कंपनीचं आहे. त्याची झडप वेळेवर उघडणारा ड्रायव्हर, म्हणजे तो प्रोग्राम, मी लिहिलाय."

"मग चांगलंच की!"

"चाचणीत लाखो वेळा नीट चालला. एकदाच झडप उशिरा उघडली. का, ते सापडलंच नाही."

"तरी मशीन विक्रीला गेलं?"

"साहेब म्हणाले, पुन्हा झालं तर बघू. मी सही केली."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"नोकरी जाईल रे."

"आत आणखी कितीजणांना हेच लावलंय?"

"सहा. काचेतून मोजले मी... ऊठ, दाराजवळची ती घंटा वाजव. डॉक्टर बाहेर आले की सगळं सांगते मी."