प्रतीक्षा यादीत एक्केचाळिसावी

बसा, बसा मंडळी! पुढे सरका, मागच्यांना सावलीत येऊ द्या. मृदंगमणी, जरा हात विसावू द्या. रामरायाचं नाव घेऊन झालं, आता आख्यान. आणि आज पुराणातलं नाही हं! आज जे सांगणार ते घडून तीन वर्षंसुद्धा झाली नाहीत.

आधी एक प्रश्न. दार बंद ठेवणं हे पाप आहे का? नाही! घर माझं, दार माझं. जागा चार माणसांची असेल तर पाचव्याला हात जोडून सांगावं — बाबा, जागा नाही. त्यात पाप कसलं? पण दार बंदच ठेवायचं हे आतून ठरलेलं आहे, कडी घातलेली आहे — आणि बाहेर येऊन मी हाका मारतोय, ‘या हो या, रांग लावा!’ — का? तर माझ्या दारापुढची रांग शेजाऱ्याला दिसावी म्हणून! हे काय आहे? सांगा!

ठीक आहे. ऐका मग.

एक होतं खाजगी तंत्रविद्यापीठ. नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की तुम्ही म्हणाल, ‘हां, ते तिथलं होय!’ आणि निवांत प्रसादाला बसाल. मोठी काचेची इमारत, आत हिरवळ, फाटकावर निळ्या गणवेशातला रखवालदार. इंजिनिअरिंगच्या जागा सहाशे. आणि प्रवेशाचं सगळं काम बघायला एक गृहस्थ — दिनानाथ कोरगावकर. पूर्वी संख्याशास्त्र शिकवायचे. आता प्रवेशप्रमुख.

माणूस कसा? वाईट? छे! मंडळी, वाईट माणसाची गोष्ट सांगायला मी कशाला हवा, ती तुम्ही रोज पेपरात वाचता. दिनानाथ एकादशी करणारा. माझ्या कीर्तनाला पहिल्या ओळीत बसून टाळ वाजवणारा. ठेका कधी चुकला नाही! त्यांच्या कचेरीत दर गुरुवारी आरती व्हायची, शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना ते स्वतःच्या हाताने प्रसाद वाटायचे.

एका वर्षी कुलगुरूंनी त्यांना बोलावलं. समोर कागद टाकला. ‘कोरगावकर, हे काय? जागा सहाशे, अर्ज चोवीसशे. म्हणजे शंभरातले पंचवीस आपण घेतो! ते पलीकडचं विद्यापीठ बघा, शंभरात दहा. आपल्याला कोण विचारणार?’

बघा हं! शिकवतो कसं, हे कुणी विचारलं नाही. प्रयोगशाळेत यंत्रं चालतात का, विचारलं नाही. नाकारतो किती — हा मोठेपणा! आता जागा कमी करता येत नाहीत, कारण त्या भरायच्या आहेत. मग शंभरातले पंचवीस कमी कसे होणार? दिनानाथ संख्याशास्त्राचे! त्यांनी क्षणात सांगितलं, ‘साहेब, वरचा आकडा हलत नसेल तर खालचा वाढवू. अर्ज वाढवू.’

आणि वाढवले! फॉर्म फुकट केला. पत्रकावर अट छापली — बारावीला पंचेचाळीस टक्के, विषय गणित आणि भौतिकशास्त्र. बस्स! आणि टेबलाच्या खणात दुसरा कागद. त्यावर लिहिलेलं — प्रवेश परीक्षेत नव्वदच्या खाली असेल, तर अर्ज उघडायचा नाही. उघडायचासुद्धा नाही, मंडळी! एक अट बाहेर, एक खणात. मग गाडी काढली आणि फिरले लांबलांबच्या तालुक्यांतून. ज्या शाळांतून नव्वदच्या वर एखादाच जातो, नेमक्या त्याच शाळा निवडल्या. चाळीस शाळा! दोन वर्षांत अर्ज किती? बारा हजार! शंभरात पाच! कुलगुरूंनी शाल घातली, श्रीफळ दिलं. आम्हीही या मंडपात त्यांचा सत्कार केला. हार मी घातला. हो, मीच.

पण बारा हजार अर्ज म्हटल्यावर अकरा हजार चारशे नकार आले. पोरं रडतात, बाप फोन करतात, शाळा पुढच्या वर्षी दारात उभं करत नाहीत. तेव्हा दिनानाथांनी आणखी एक युक्ती काढली. सगळ्यांनाच ‘नाही’ म्हणायचं नाही. दोन हजार जणांना म्हणायचं — ‘थांबा’. प्रतीक्षा यादी! आणि या यादीत नंबर कसा द्यायचा? गुणांवर? अहो, गुण बघितलेत कुणी? अर्ज ज्या क्रमाने आला तो नंबर! ‘नाही’ ऐकलेला माणूस शिव्या घालतो. ‘थांबा’ ऐकलेला माणूस आभार मानतो. हे मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

आता त्या चाळिसातल्या एका शाळेत चला. डोंगराकडचा तालुका. तिथे जयवंती चौरे नावाची मुलगी. बाप तुळशीराम, वीजमंडळाच्या कंत्राटदाराकडे खांबावर चढणारा. पोरीला वीज शिकायची होती. का? तर म्हणायची, ‘बाबा खांबावर असताना खाली उभी राहून मला जो घोर लागतो ना, तो कशाचा आहे हे मला समजून घ्यायचंय.’

दिनानाथांचं भाषण झालं. जयवंती उठली. ‘सर, आमच्यासारख्यांचा अर्ज खरंच बघतात का?’

दिनानाथ हसले. गोड हसायचे. ‘बाळा, आम्ही प्रत्येक अर्ज बघतो.’

हे पहिलं खोटं. त्याच दिवशी दुपारी पोरीने फॉर्म भरला. शाळेत सगळ्यांच्या आधी! परीक्षेत तिला मिळाले त्र्याऐंशी. त्या शाळेत त्र्याऐंशी म्हणजे पेढे वाटले हो! आणि महिन्याभरात विद्यापीठाचा निरोप आला — अभिनंदन, आपण प्रतीक्षा यादीत आहात. क्रमांक एक्केचाळीस.

एक्केचाळीस! जयवंतीने हिशेब केला. सहाशे जागा, त्यातले चाळीस-पन्नास तर कुठेतरी दुसरीकडे जाणारच. म्हणजे मिळाल्यातच जमा! तिला काय माहीत, की फॉर्म लवकर भरला म्हणून तो नंबर होता?

त्याच आठवड्यात सरकारी प्रवेशफेरीत तिचं नाव लागलं. जिल्ह्याच्या गावी, सरकारी कॉलेज, इलेक्ट्रिकल. हक्काची जागा! अट एकच — गुरुवारी पाचच्या आत हजर राहायचं आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करायचा. आणि मंडळी, गोम इथेच आहे. तो दाखला एकच असतो. इथे दिला तर तिथे काय देणार? तुमच्यातल्या शिकलेल्यांना ठाऊक आहे की तो पुढे परत मिळतो, अर्ज करून, खेटे घालून. खांबावर चढणाऱ्या बापाला कोण सांगणार?

गुरुवार. दुपारचे चार. बाप-लेक कॉलेजच्या फाटकापाशी. फाटकाच्या आत नव्हे, बाहेर! छातीशी प्लास्टिकची पिशवी, पिशवीत दाखला. तुळशीराम म्हणाला, ‘आधी इचारून घे गं त्या साहेबाला. एकदा कागद दिला तर आपलं तिकडचं जाईल.’

पोरीने फोन लावला. तिकडे आरती नुकतीच संपलेली. दिनानाथांच्या हातात प्रसादाची वाटी. त्यांनी स्वतः फोन घेतला.

‘सर, मी जयवंती चौरे. तुम्ही आमच्या शाळेत आला होतात. माझा एक्केचाळिसावा नंबर आहे. इथे सरकारी कॉलेजला लागलंय. एक तास राहिलाय. काय करू?’

थांबा. टाळकरी, थांबा जरा.

काय म्हणायचं होतं त्यांनी? चार शब्द! ‘बाळा, ती जागा घे.’ कोण ओरडणार होतं त्यांना? कुणाला कळणार होतं? शंभरातले पाच ते पाचच राहणार होते! पण सवय, मंडळी, सवय! दिवसाला दोनशे फोन यायचे आणि दोनशे जणांना एकच वाक्य सांगायचं ठरलेलं. जीभ त्या वळणावर गेलेली. आणि त्यांना स्वतःला वाटलं, की आपण पोरीला आशीर्वादच देतोय! म्हणाले, ‘आशा सोडू नको, बाळा. एक्केचाळीस चांगला आकडा आहे.’

तुळशीरामने विचारलं, ‘काय म्हणलं?’ तिने सांगितलं. बाप म्हणाला, ‘एवढा मोठा मानूस सांगतोय म्हणजे उगा नाही. चल.’

आणि फाटकावरून माघारी फिरले! पाच वाजले. जागा दुसऱ्याला गेली.

बावीस दिवसांनी फोनवर दोन ओळी आल्या. प्रतीक्षा यादी बंद करण्यात आली आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक विद्यापीठाच्या फाटकावर. रखवालदाराने आत सोडलं नाही. दोन तास उन्हात उभे. शेवटी दिनानाथच बाहेर आले, त्यांनी ओळखलं. पोरगी रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं, रडणाऱ्याला पाणी देता येतं. तिने प्रश्न विचारले, वर्गात विचारावेत तसे.

‘सर, माझ्या आधीच्या चाळिसांतले किती घेतले?’

‘एकही नाही.’

‘मागच्या वर्षी?’

‘नाही.’

‘त्याच्या आधी?’

तुळशीराम पुढे झाला, हात जोडून म्हणाला, ‘साहेब, आमचं काय चुकलं असंल तर सांगा.’ आमचं काय चुकलं! मंडळी, ऐकताय ना?

‘तुमचं काही चुकलं नाही,’ दिनानाथ म्हणाले.

तेव्हा जयवंतीने शेवटचं विचारलं. ‘सर, घ्यायचं नव्हतं, तर मी तुम्हाला कशाला हवी होते?’

आणि त्या माणसाच्या तोंडून, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा, खरं निघालं. ‘नाकारायला, बाळा.’

बाप-लेक चालत स्टँडकडे गेले. दिनानाथ तिथून सरळ आले माझ्याकडे, याच देवळात. खांबाला टेकून बसले. म्हणाले, ‘बुवा, प्रायश्चित्त सांगा. उपास सांगा, अनवाणी चालायला सांगा.’ मी म्हटलं, ‘उपासाने तुमचं पोट हलकं होईल, तिचं काय? त्या चाळीस शाळांत परत जा. जिथे उभं राहून खोटं बोललात तिथेच उभं राहून खणातला कागद वाचा. मोठ्याने!’ आणि मनातून मी खूश, बरं का. वाटलं, काय बुवा आहोत आपण! काय उपाय दिला!

गेले बिचारे. पहिली शाळा जयवंतीचीच. उभे राहिले, खणातला कागद उघडला. म्हणाले, ‘मुलांनो, पत्रकावर लिहिलंय ते खोटं आहे. नव्वदच्या खाली आम्ही अर्ज उघडतही नाही. शंभरातले पाच घेतो. प्रतीक्षा यादीतून कुणालाही, कधीही घेतलेलं नाही. कृपा करून अर्ज करू नका.’

आणि मुख्याध्यापक उठले. डोळ्यांत कौतुक! ‘मुलांनो, शंभरात फक्त पाच! केवढं मोठं विद्यापीठ आहे, बघा! सर, फॉर्म आणलेत ना?’

हसताय? हसा. चाळिसाच्या चाळीस शाळांत हेच झालं. त्या वर्षी अर्ज आले अठरा हजार. शंभरात साडेतीनसुद्धा नाहीत! कुलगुरूंनी दिनानाथांना बोलावून पाठ थोपटली. माझा उपाय, मंडळी — माझा उपाय त्यांच्या जाहिरातीच्या कामी आला. खरं सांगून भागत नाही हे मला या वयात शिकावं लागलं. दिनानाथांनी नोकरी सोडली. कीर्तनाला येत नाहीत. टाळ माझ्याकडे आणून ठेवलेत.

आणि जयवंती? वर्ष गेलं. दुसऱ्यांदा परीक्षेला बसली, गुण कमी पडले. आता तालुक्याच्या स्टँडसमोर ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान आहे ना, तिथे कॉम्प्युटरवर बसते. मी गेल्या महिन्यात मुद्दाम गेलो होतो. बाकड्यावर बसून बघत होतो. बारावीची एक मुलगी आली. त्याच विद्यापीठाचा फॉर्म! जयवंतीने हात थांबवले. म्हणाली, ‘हा भरू नको गं. ते घेत नाहीत, नुसतं थांबवून ठेवतात. मी फसलेय यात.’

त्या मुलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, ‘ताई, तुला नाही मिळालं म्हणून म्हणतेस. तू भर.’

जयवंतीने भरला. नाव, जन्मतारीख, गुण. एकेक रकाना.

आता मला सांगा, पाप कुणाचं? दिनानाथांचं? आहेच! कुलगुरूंचं? दुप्पट! पण ती रांग मोठी कशाने दिसते? तुम्ही बघता म्हणून! इथे बसलेल्या आईबापांनो, खरं सांगा, पोराचं कॉलेज बघताना पहिलं काय विचारलंत? ‘शिकवतात काय?’ की ‘किती जणांना परत पाठवतात?’ ...अहो मास्तर, तुम्ही का मान खाली घातलीत?

आणि ज्यांची पोरं शिकून झाली, त्यांनी सुटलो म्हणू नये! मुलगी बघून आलात. गाडीत बसतानाच ठरलं, नाही करायचं. आणि तिच्या बापाला काय म्हणालात? ‘कळवतो!’ तो बाप दुसरं स्थळ बघत नाही, फोन उशाशी घेऊन झोपतो. नोकरी मागायला आलेल्याला ‘बघू, या पुढच्या महिन्यात’ म्हणालात. जागा नाही हे तुम्हाला ठाऊक होतं! भाडेकरू आला, आडनाव ऐकलंत, तिथेच ठरलं — आणि म्हणालात, ‘घरच्यांना विचारून सांगतो.’ आपण गोड माणसं! आपण कुणाला दुखवत नाही! आपण फक्त फाटकावरून माघारी पाठवतो.

रामराया, या जिभेला गोडवा पुष्कळ दिलास. आता ‘नाही’ म्हणायची छाती दे.

बोलून झालं? नाही. आरतीची ताटं तयार आहेत, मला दिसतायत. पण आज आरती थोडी थांबेल. खिशातले फोन काढा. हो, देवळात! मी सांगतोय म्हणून काढा. ज्याला ‘कळवतो’ म्हणून ठेवलंय आणि ज्याचं ‘नाही’ तुमच्या मनात ठरलेलं आहे, त्याला आत्ता फोन लावा. चार शब्द सांगा, त्याला मोकळं करा. कदाचित त्याच्याही हातात एकच तास असेल.

लावा.

...कुणीच नाही? एवढ्या भरल्या मंडपात एकही नाही?

मृदंगमणी, वाजवू नका. मी उभा आहे.