टीव्हीचा खोका

कारंज्याहून वर्ध्याला निघालेल्या एसटीत पुढच्या सीटवरचे पुंडलिकराव आणि त्यांच्या पत्नी कौशल्याबाई भांडायला लागले, तशी नमिताने कानातली गाणी बंद केली.

"अहो, अंगणात खोके काऊन अंथरले?"

"त्याच्याखाली गवत मरते. वर कंपोस्ट टाकलं का झाला वाफा! खोदा लागत नाई."

"पण टीव्हीचा खोका?"

"तोच तर मोठा होता."

"निशांत म्हणे, आई, तुमाले पुण्याले नेईन तवा टीव्ही त्यातच भरू. किती वर्षं जपला मी माळ्यावर!"

"मीबी तितकेच वर्षं वाट पाह्यली."

"मंग?"

"मंग वांगे लावले."

आंजीचा थांबा मागे पडला.

"फ्रिजचाबी खोका आहे माळ्यावर," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्याच्यावर मेथी लावजा."