दाजींच्या नक्षीदार कुंड्या

आमच्या दाजींपुढं कुंड्यांचा विषय काढू नका, चहा टाकून उठतील. नव्या घराच्या फाटकाशी त्यांनी कुंभाराकडनं आणलेल्या दोन नक्षीदार कुंड्या मांडल्या, हौसेनं शेवंती लावली. तेव्हा गवळी म्हैस दारात आणूनच धार काढायचा. म्हशीनं सकाळीच शेवंती फस्त केली. दाजींनी रागानं कमरेएवढ्या उंच कुंड्या आणून पुन्हा शेवंती लावली.

गवळी म्हणाला, "लई ब्येस केलंसा मालक! वाकून मान अवघडत हुती तिची."

पुढं म्हैस दुसऱ्या दारात पान्हाच सोडेना. सगळी गल्ली भांडी घेऊन दाजींच्या फाटकाशी! दाजी कुंड्या हलवायला गेले, तर आक्का आडवी आली. "ऱ्हाऊ द्या की! पहिली धार आपल्याला मिळतीया."

तेव्हापासून त्या कुंड्यांत दाजी स्वतः रोज म्हशीसाठी सरकी भिजवायचे.