ताटातल्या दोन रेघा

माझं नाव दगडूभाई, गाव न्हावरे, आन् आमच्या घराला अजून बी कल्हईवाल्याचं घर म्हणत्यात, म्हंजी भट्टी बंद होऊन किती वर्सं झाली त्याची गिणती न्हाई पर नाव तेच. आजा कल्हई लावायचा, बाप लावायचा, भाता खांद्यावर टाकून निमोणं, तळेगाव, पार भीमेच्या कडंपर्यंत फिरायचा, आन् पितळेचं पातेलं आतनं असं पांढरं करून द्यायचा का बाया त्यात तोंड बघायच्या. मग स्टील आलं, स्टीलला कल्हई लागत न्हाई. बाप म्हणला, दगडू, तू वेल्डिंग शिक. शाळंत मी दुसरीपर्यंत गेलो, तिसरीत मास्तरांशी भांडलो आन् पुन्यांदा पायरी चढलो न्हाई. कशावरनं भांडलो ते आता ध्यानात न्हाई, चूक माझीच असणार, पर तवा मला कुणी सांगून बघायचं व्हतं.

बापानं मला दौंडला एका मेस्त्रीकडं ठेवलं, तो उसाच्या ट्रॉल्या करायचा. त्यानं मला एकच गोष्ट डोक्यात भरवली, का ट्रॉली रस्त्याला लागली आन् मागचा फाळका वाजाया लागला तर तो फाळका लई दिवस टिकत न्हाई, म्हणून काही वाजूच द्यायचं न्हाई, घट्ट बसवायचं. तिथंच एक डाव माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट कटरमधी गेलं, वाचलं पर वाकडं झालं, हे बघा. मी टेप वापरत न्हाई, बोटानं मापतो, आन् ह्या वाकड्या बोटामुळं माझी चार बोटं दुसऱ्याच्या चार बोटांपेक्षा जरा जास्तच भरत्यात. ते माप फक्त माझ्याकडं. न्हावऱ्यात, निमोण्यात कुठलंबी गेट बघा, ट्रॉली बघा, गजांमधी माझी चार बोटं घाला, बसणारच. लई ताठा व्हता मला त्याचा. कुणी म्हणलं का दगडूमामा, हे जरा डुगडुगतंय, तर मी म्हणायचो तुझं घर डुगडुगत असंल.

आता काय सांगू तुम्हाला, तुम्ही आलाय ते कारागिराची गोष्ट लिहाया, आन् मला सांगायचीय ती दुसरीच हाय.

शिरूरच्या अंगाला कारखाने झाले, त्यातल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनात भांडी धुवायची मशीन आली. कपाटायवढी मशीन, दांडा धरून झाकण वर करायचं, आत चौकोनी रॅक सरकवायचा, रॅकमधी ताटं उभी लावायची, झाकण खाली ओढलं का खालनं वरनं गरम पाण्याचे फवारे सुरू. मशीनसंगं आलेले रॅक प्लास्टिकचे. आपली ती पाच कप्प्यांची स्टीलची ताटं, जड, आन् बाया ती आदळणार, शिफ्ट सुटली का तीनतीनशे माणूस जेवाया, तर म्हयनाभरात त्या रॅकचे दात पडले. कॅन्टीनच्या ठेकेदाराला सगळी शेट म्हणायची, तो आला माझ्याकडं. म्हणला मामा, असा रॅक करा का वर हत्ती बसला तरी मोडला न्हाई पायजे. मी म्हणलं हत्ती आणा मग, मी रॅक आणतो.

आठ दिवस मी त्यावर बसलो. स्टीलची सळई आणली, भवतीनं पट्टीची चौकट केली, कोपऱ्यांना आडवे टेकू दिले, आन् ताटं उभी धरायला ताटाच्या अंगाला टेकणारे उभे दोन दोन गज, त्या दोन गजांमधी माझी चार बोटं. ताट आत घातलं का असं आवळून बसायचं का उलटं केलं तरी पडायचं न्हाई. चार रॅक झाले. कॅन्टीनात नेऊन मी ताटांनी भरलेला रॅक सगळ्यांसमोर उचलून हलवला. एक ताट वाजलं न्हाई. मग रिकामा रॅक वट्यावरनं खाली टाकून दाखवला. शेटनं टाळी वाजवली, आचारी बघाया आले.

तिथं शालन व्हती. निमोण्याची, दोन पोरींची आई. मशीनच्या आधी एक सिंक हाय, तिथं ताटातलं खरकटं काढून ताट रॅकमधी लावायचं, ते तिचं काम. तिनं रॅक हातात घेतला, ताट घातलं, काढलं, पुन्हा घातलं, आन् म्हणली, मामा, जरा ढिलं करा की, आपण हातानं धुतो तवा ताट फिरवतो, ह्यात ते जागचं हलत न्हाई, गज टेकलाय तिथं पाणी कसं जाईल. बरोबर असं म्हणली. मी म्हणलं, बाई तू भाकरी थाप, लोखंडाचं मला शिकवू नको. सगळी हसली. ती बी हसली जराशी, पदराला हात पुसले आन् गेली आपल्या सिंकवर.

पंधरा दिवसांनी शेटचा फोन. मामा, कामगार ओरडत्यात, ताटाला वरण चिकटून येतंय, एकानं ताट नेऊन सायबाच्या टेबलावर ठिवलं, तुमच्या रॅकचं काय हाय का बघा. मी गेलो. बघितलं काय, तर सळई बघितली, वेल्डिंग बघितलं, ताट बघितलंच न्हाई. आन् सगळ्यांसमोर म्हणलो, रॅकला काय झालेलं न्हाई, ती पुढं खरकटं काढणारी बाई बघा, बाईचा हात घाण असला तर मशीन काय करंल.

हात घाण. हेच शबूद. माझ्या तोंडातनं गेले ते.

शालन सिंकवर ताट धरून उभी व्हती. माझ्याकडं बघत व्हती, मी बोलायचा थांबंपर्यंत. शेटला सायबाला काहीतरी करून दाखवायचं व्हतं, दुसऱ्या दिवशी तिला ये म्हणला न्हाई. तिच्याच गावची सुमन तिथं भांडी पुसायला व्हती, तिच्या संगं ही गोष्ट जीपमधी बसून निमोण्याला गेली, का शालनचा हात घाण म्हणून काढली.

तुम्ही शहरातले, तुम्हाला वाटंल एक नोकरी गेली, दुसरी मिळंल. नोकरी मिळाली तिला, तळेगावकडं फुलांच्या शेडमधी. पर निमोण्यात कुणाच्या घरी कार्य असलं का पुरण घाटाया शालन, कणीक तिंबाया शालन, असं व्हतं आधी. हात स्वच्छ, घर स्वच्छ म्हणून. ते बोलावणं थांबलं. सख्ख्या चुलत जावंच्या लग्नघरात तिला म्हणले तू कांदं चिर, आतलं आम्ही बघतो. हे मला मागनं कळलं. बाईला भांडखोर म्हणलं तर ते चार दिवस चालतं. घाण म्हणलं का तिच्या हातचं पाणी पिताना माणूस गिलासात बघतो.

मला कसं कळलं, ते सांगतो. दिवाळी झाली, कॅन्टीनच्या खिडकीच्या ग्रीलचं काम निघालं, दुपार झाली तर शेट म्हणला मामा जेवून घ्या. ताट घेतलं, लायनीत उभा राहिलो, आन् वाढायच्या आधी ताटाकडं नजर गेली. दोन रेघा. वाळलेल्या वरणाच्या, पिवळ्या, सरळ, वरपासून खालपर्यंत. शालन जाऊन तीन म्हयने झालेले, सिंकवर दुसरीच बाई. मला काय वाटलं काय म्हायती, मी डावा हात त्या दोन रेघांच्या मधी ठिवला. बसला. वाकड्या बोटासकट बसला, इकडं दोऱ्यायवढी फट न्हाई का तिकडं न्हाई.

आन् मी काय केलं. ओरडाया पायजे व्हतं ना, शेट हिकडं या, हे बघा. मी ताट घेऊन नळावर गेलो आन् अंगठ्यानं त्या रेघा घासून काढल्या, मागं कोण बघतंय का बघत. मग वरण-भात वाढून घेतला. जेवलो बी. कल्हईवाल्याचा लेक मी, ज्याच्या बापानं तीस गावची भांडी पांढरी केली.

मग म्हणलं शेट, रॅक द्या, वेल्डिंग एकदा तपासून आणतो. घरी आणून सगळं उसकटलं. गज एकमेकांपासनं लांब केले, ताट तिरकं कलतं ठिवलं म्हंजी कप्प्यात पाणी साचत न्हाई, ताट टेकतं तिथं सळईला बाक दिला, नुसता टोकाला टेकंल असा, आन् ताट हलाया मोकळं ठिवलं. रॅक उचलला का ताटं वाजायची. पहिल्यांदा माझ्या हातची वस्तू वाजली. आन् धुऊन निघाली ती आरशासारखी. शालननं सांगितलं तसंच केलं मी, तिनं शेजारी बसून सांगितल्यासारखं. शेट म्हणला बघा, नवी बाई चांगली मिळाली. मी व्हय म्हणलो.

घरी फातमा, आमची बायको, तिनं ते उसकटलेले गज बघितले. म्हणली हे का मोडलंत. मी म्हणलं सुधारणा केली. म्हणली तुम्ही आन् सुधारणा, चाळीस वर्सात एक बिजागिरी बदलली न्हाई तुम्ही. मग सांगावं लागलं. दोन दिवस ती ताट पुढं ठेवायची आन् उठून जायची. तिसऱ्या दिवशी म्हणली, निमोण्याला कवा जाताय.

गेलो. शालन अंगणात कांदा निवडत बसली व्हती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, का चूक रॅकची व्हती. तिनं मान वर केली न्हाई, म्हणली, मला कशाला सांगता मामा, मला तर आधीपासनं ठाव हाय. जिथं बोललात तिथं बोला.

तर शेटकडं गेलो, शेट म्हणला, मामा, आता बसली गाडी रुळावर, कशाला उकरून काढता. मग राहिलं गाव. निमोण्यात एकाची वास्तुशांत व्हती, त्याचं गेट मी केलेलं, मला बोलावणं आलं. शालन बी व्हती, मागच्या बाजूला बायांत, काकड्या चिरत. पंगत बसायच्या आधी मी उभा राहिलो. आन् तोंडातनं काय निघालं, तर म्हणं, कॅन्टीनातलं ते शालनचं जे काय झालं, त्यात काय चूक असंल ती माझ्यावर घाला, पोरीला बोल लावू नका.

आता गावात हे कोण बोलतं, म्हातारी माणसं बोलत्यात, दोघांचं भांडण मिटवताना, चूक कुणाची बी असू दे, माझ्यावर घाला म्हणायचं आन् पाणी प्यायचं. मला तेवढंच बोलता येत व्हतं. लोकांनी तसंच ऐकलं. एक म्हणला, मामांचं मन बघा, परक्या बाईचं अंगावर घेतलं. घरधनी आला, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठिवली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. आन् मी तो टॉवेल घेतला. काढून ठिवला न्हाई, म्हणलो न्हाई का थांबा, तुम्हाला कळलं न्हाई. घेतला आन् पंगतीत पहिल्या पाटावर बसलो. शालननं बघितलं. तिनं काकडी चिरायची थांबवली न्हाई.

सांगतो ना, रेघा पुसल्या त्याची लाज एकीकडं, पर त्या टॉवेलाची लाज मला झोपू देत न्हाई. मी तिला घाण म्हणलो तवा मला खरं ठाव नव्हतं. टॉवेल घेतला तवा सगळं ठाव व्हतं.

चार म्हयने गेले असेच. फातमानं टॉवेल कपाटात ठिवला न्हाई, दांडीवरच ठिवला, मला दिसंल असा. मग ह्या उन्हाळ्यात एक दिवस पहिली यष्टी धरली आन् निमोण्याला शाळंजवळ गेलो, तिथं सकाळी फुलाच्या शेडची जीप येती, बाया डबे घेऊन उभ्या असत्यात. दहा-बारा जणी, शालन व्हती, सुमन बी व्हती, तिनं पण कॅन्टीन सोडलेलं. आता घरधनी नव्हता, पंगत नव्हती. मी सांगितलं. शालननं मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं का पाणी जाणार न्हाई, मी तिला हसलो, मग तिचा हात घाण म्हणलो, मग माझ्याच मापाच्या रेघा ताटात बघितल्या आन् चोरून पुसल्या, आन् तुमच्या गावचा टॉवेल घेतला. सगळं म्हणलो. हे बोट दाखवलं, चार बोटं दाखवली.

मला वाटलं बाया चकित हुतील. सुमन म्हणली, मामा, आम्हाला ठाव व्हतं. फडकं मीच मारायचे, रोज त्याच दोन रेघा, त्याच जागंवर. खरकटं असं सरळ रेघंत बसतं व्हय.

मी म्हणलं, मग अगं बोलली का न्हाई कुणी.

म्हणली, शालन बोलली व्हती की. तिचं काय केलंत ते आम्ही बघितलं.

एक बाई शालनला म्हणली, माझ्या थोरलीच्या साखरपुड्याला पुरण तूच घाट बाई, आता कशाला मनात ठेवती. शालन म्हणली, मला न्हाई सवड. रागानं न्हाई म्हणली. मी म्हणलं, जा की पोरी, बोलावत्यात तर. तवा ती माझ्याकडं बघून म्हणली, मामा, त्यांनी बोलावलं ते आज तुम्ही सांगितलं म्हणून. काढलं ते बी तुम्ही सांगितलं म्हणून. माझा हात त्यांनी कवा बघितला. मी घरी माझ्या पोरींना करून घालते, बास हाय.

एवढ्यात जीप आली. तिनं मला दंडाला धरून बाजूला केलं, म्हणली मामा, सरका, ती हितंच वळती. आन् चढली.

मी तिला काय म्हणणार, तिचं बरोबर हाय. हे तुम्ही लिहा, आन् मला उगा चांगला करून लिहू नका, लोकांनी एकदा केलंय तसं. शालन तळेगावच्या बाजारात भेटती कधीमधी, मामा बरं हाय का म्हणती, मी बरं हाय म्हणतो. थोरली पोरगी तिची बारावीला गेलीय. अल्ला त्या पोरींना सुखात ठेवो, आन् त्यांच्या बोलण्यावर हसणारा माझ्यासारखा म्हातारा त्यांच्या वाटंत न येवो. माझं काय, मी काम सोडलंय. परवा एक जण आला, म्हणला मामा, गेट करायचंय, तुमच्या मापाचं. मी म्हणलं, बाबा, टेप घेऊन दुसऱ्याकडं जा, आन् घरात कोण बाई असंल तर आधी तिला विचार कसं पायजे, रोज गेट उघडतं कोण.